ओपन सोर्समधले एरर मेसेज आणि 'चालत नाहीये' असले बग रिपोर्ट : सुधारायचं कुठून?

रामबागकर (इंदूर) | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे चार-पाच जण मिळून सभासद-नोंदणीचं एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) पॅकेज सांभाळतो. पीएचपी भाषा, तिच्यावरचं लाराव्हेल फ्रेमवर्क, मागे मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे स्क्रीनसाठी थोडं रिअ‍ॅक्ट. वाचनालयं, गणेश मंडळं, भजनी मंडळं वापरतात, इंदूर-देवास-उज्जैनकडची बरीच आहेत. दिवसा नोकरी विजयनगरला, हे काम रात्रीचं.

गणपती जवळ आले की वर्गणी आणि नोंदणीची धामधूम सुरू होते आणि गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) इश्यू, म्हणजे तक्रारी, येऊन पडायला लागतात. त्यातले बरेचसे एका ओळीचे. 'फॉर्म सेव्ह होत नाहीये.' 'एरर येतोय.' कुठला एरर, कुठल्या पानावर, काय भरलं होतं, काहीच नाही. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला की लोकांना रिपोर्ट लिहिता येत नाही, रिपोर्टचा साचा म्हणजे टेम्प्लेट कडक करा, माहिती अर्धवट असेल तर इश्यू बंद करून टाका.

मला हे पटत नाही. सॉफ्टवेअर जर स्क्रीनवर 'समथिंग वेंट राँग' एवढंच म्हणत असेल तर समोरचा माणूस आपल्याला त्याहून जास्त काय सांगणार? आपण त्याला जे दिलं तेच तो आपल्याला परत देतोय. रिपोर्ट सुधारायचा असेल तर आधी मेसेज सुधारला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, टेम्प्लेट नंतर.

तर तुमच्याकडून हे हवंय: वापरणाऱ्याला किती दाखवायचं आणि डेव्हलपरसाठी किती ठेवायचं, मेसेज मराठीत असावेत का, आणि एरर आपोआप आमच्याकडे पाठवायची सोय करावी का. ज्या प्रोजेक्टनी हे चांगलं केलंय त्यांची उदाहरणं दिलीत तर फारच छान.

---

टिंबटिंब | मंगळवार, रात्री १०:५२

चांगला धागा. वाचतोय.

---

डीबीवाले_काका (सुदामानगर, इंदूर) | मंगळवार, रात्री ११:१५

रामबागकर, तुमच्या मताशी पूर्ण सहमत. उदाहरण हवंय ना, पोस्टग्रेस डेटाबेस बघा. तिथे एरर एका ओळीत कोंबत नाहीत, तीन भाग करतात. पहिली ओळ काय बिनसलं ते सांगते, दुसरी 'डिटेल' म्हणून नेमकी कुठली किंमत अडली ते सांगते आणि जिथे शक्य असेल तिथे तिसरी 'हिंट' म्हणून पुढे काय करून बघा ते सुचवते. समजा एकच ईमेल दोनदा घातला, तर युनिक कन्स्ट्रेंट (किंमत दोनदा येऊ नये हा नियम) मोडला एवढंच सांगून थांबत नाही, खाली डिटेलमध्ये कुठल्या कॉलमची कुठली किंमत आधीपासून आहे तेही छापतं. शिवाय प्रत्येक एररला पाच अक्षरांचा एसक्यूएलस्टेट कोड, म्हणजे मेसेजची भाषा बदलली तरी कोड तोच. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एरर मेसेज कसा लिहावा याचं वेगळं प्रकरण आहे, शब्द कुठले वापरावेत कुठले टाळावेत इथपर्यंत. वाचाच.

याच्या उलट मायएसक्यूएलचा तो प्रसिद्ध सिंटॅक्स एरर आठवा. तुमच्या व्हर्जनचं मॅन्युअल बघा आणि चूक 'नियर' अमुकच्या जवळ आहे. आणि पुष्कळदा त्या नियरपुढे नुसते रिकामे अवतरणचिन्ह. त्याचा अर्थ असा की क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) संपेपर्यंत ती वाचणाऱ्या पार्सरला हवं ते मिळालंच नाही, बहुतेक कंस बंद व्हायचा राहिलाय. माहीत असलेल्याला कळतं, नवा मुलगा रात्रभर डोकं धरून बसतो.

---

मनवा (सुपर कॉरिडॉर, इंदूर) | मंगळवार, रात्री ११:३१

फ्रंटएंडवाल्यांची, म्हणजे ब्राउझरमधला भाग लिहिणाऱ्यांची, बाजू मांडते. क्रोममध्ये २०२१ पर्यंत 'कॅनॉट रीड प्रॉपर्टी नेम ऑफ अनडिफाइन्ड' असा मेसेज यायचा, नंतर तो 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग नेम' असा झाला. वाचायला बरा आहे, पण खरी गोष्ट अजूनही सांगत नाही, म्हणजे अनडिफाइन्ड (किंमतच नसलेलं) कोण होतं? यूझर होता की यूझर डॉट ॲड्रेस? जावामध्ये मात्र जेडीके १५ पासून नल पॉइंटरच्या (रिकाम्या जागेला हात घातल्याच्या) मेसेजमध्ये नल नेमकं काय होतं ते लिहून येतं. एवढ्या एका गोष्टीने किती वेळ वाचतो ते वापरणाऱ्यालाच माहीत.

आणि रिअ‍ॅक्ट. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरतात त्या साइटवर, पूर्ण मेसेज पाठवला तर बंडल (ब्राउझरला जाणारी फाइल) फुगतं, म्हणून ते फक्त एरर नंबर आणि एक लिंक देतात, लिंक उघडली की पूर्ण वाक्य वाचायला मिळतं. मला ही पद्धत आवडते. वापरणाऱ्याकडे लहानसा नंबर, खोलात जायचं त्याला पूर्ण मजकूर. तुमच्या पॅकेजला हेच करता येईल.

---

ग्वाल्हेरी_गडी (ग्वाल्हेर) | बुधवार, सकाळी ७:०५

सगळं मान्य पण एक धोक्याची सूचना. 'मेसेजमध्ये जास्त माहिती द्या' हे वाक्य ऐकून लोक काय करतात तर प्रॉडक्शनवर ॲप डिबग ट्रू (चुकांचा सगळा तपशील दाखवायची सेटिंग) करून मोकळे होतात. मी सिक्युरिटीचं काम करतो, मंडळांच्या आणि संस्थांच्या साइट्सवर ही गोष्ट सर्रास दिसते. स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कोडमध्ये कुठून आला त्या यादीत) फाइलचे पत्ते, टेबलांची नावं, कधीकधी पासवर्ड. लाराव्हेलबरोबर तेव्हा येणाऱ्या इग्निशन या एरर-पानातली अशी फट २०२१ मध्ये उघड झाली होती की डिबग चालू असलेल्या साइटवर बाहेरचा माणूस आपला कोड चालवू शकत होता. इग्निशन २.५.२ मध्ये ती बुजवली. म्हणजे एरर दाखवणारं सुंदर पान हेच आत शिरायचं दार झालं.

पायथनच्या जँगो फ्रेमवर्कने यात थोडी काळजी घेतलीय. त्यांच्या पिवळ्या डिबग-पानावर ज्या सेटिंगच्या नावात पास, सीक्रेट, टोकन, की असं काही असेल तिची किंमत चांदण्या टाकून झाकतात. तरीही ते स्वतःच सांगतात की प्रॉडक्शनवर डिबग बंदच ठेवा.

तेव्हा माझं म्हणणं असं की वापरणाऱ्याला काहीही तपशील नको. 'काहीतरी अडचण आली' पुरे. बाकी सगळं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत.

---

रामबागकर | बुधवार, सकाळी ९:२०

@ग्वाल्हेरी_गडी, धोका शंभर टक्के मान्य, पण उपाय मान्य नाही. 'काहीतरी अडचण आली' लिहिलं की आपण फिरून मूळ मुक्कामावर. लॉग आमच्या हातात नसतो हो, प्रत्येक मंडळाचं होस्टिंग वेगळं, कुणाचा पुतण्या बघतो तर कुणाचं कुणीच बघत नाही. त्या लॉगमधली कुठली ओळ या माणसाची हे शोधायचं कसं?

मला वाटतं की प्रत्येक रिक्वेस्टला एक ओळखक्रमांक द्यावा. एनजिनएक्स वेबसर्व्हरमध्ये रिक्वेस्ट आयडी तयार मिळतो, तोच लॉगमध्ये लिहायचा आणि तोच स्क्रीनवर दाखवायचा. बाहेरच्याला त्या क्रमांकातून काही कळत नाही आणि लॉग ज्याच्याकडे आहे त्याला नेमकी ओळ सापडते. एपीआयसाठी (प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलण्यासाठी) तर आता आरएफसी ९४५७ हा ठरलेला नमुना आहे, २०२३ चा, त्यात टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स अशी ठरलेली खाती आहेत. नवीन काही शोधून काढायची गरज नाही.

---

ग्वाल्हेरी_गडी | बुधवार, सकाळी ९:४८

क्रमांकाला हरकत नाही. उलट चांगलंच. पण तो आठ-दहा अक्षरांचा ठेवा, बत्तीस अक्षरांचा आकडा फोनवर कोण सांगणार?

---

सुमन_इंदूर (लोकमान्य नगर) | बुधवार, दुपारी ३:१०

मी डेव्हलपर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या वाचनालयाची सभासद-नोंदणी मी बघते आणि रामबागकरांचंच हे पॅकेज आमच्याकडे आहे, म्हणून लिहिण्याचं धाडस करते.

तुम्ही सगळे मेसेजमध्ये काय असावं यावर बोलताय पण आमची पहिली अडचण अशी की मेसेज टिकतच नाही. कोपऱ्यात लाल पट्टी येते आणि चष्मा सावरेपर्यंत गायब होते. मग तुम्ही विचारता की काकू, काय लिहिलं होतं? मी काय सांगणार? फोटो काढायलाही सवड मिळत नाही.

दुसरं असं की एरर आल्यावर भरलेला फॉर्म रिकामा होतो की काय याची धास्ती असते. समोर सभासद उभे असतात, त्यांना पुन्हा पत्ता विचारायला फार अवघड वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, 'गोऱ्हे' आडनावाचं एक कुटुंब आहे, त्यांचं नाव आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतच नाही. 'आडनावात फक्त अक्षरं भरा' म्हणतं. अहो अक्षरंच भरलीत की! माझ्या फोनवरून भरलं तर मुकाट घेतं. पूर्वी पोस्टातून मनीऑर्डर परत यायची तर त्यावर 'घर बंद', 'पत्ता अपुरा' असं कारण लिहिलेलं असायचं. तेवढं जरी कळलं तरी पुरे.

---

मनवा | बुधवार, दुपारी ३:२६

काकू, तुम्ही या धाग्यावर आलात हे फार बरं झालं. पट्टीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. एररची पट्टी आपोआप जाऊच नये, माणसाने स्वतः बंद करेपर्यंत राहावी. ॲक्सेसिबिलिटीचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की चूक कुठल्या खान्यात आहे ते शब्दांत सांगा, नुसता रंग लाल करून भागत नाही, आणि दुरुस्ती माहीत असेल तर तीही सुचवा. आणि एररच्या शेजारी 'कॉपी करा' बटण हवं. वर्डप्रेसमध्ये साइट हेल्थच्या माहितीच्या पानावर तसं बटण आहे, व्हर्जन, प्लगिन, सर्व्हर सगळं एका टिचकीत कॉपी होतं आणि सपोर्टवाल्याला चिकटवता येतं.

गोऱ्हे आडनावाचं मला नीट बघायचंय. काकू, जुन्या कॉम्प्युटरवर ते आडनाव टाइप करून तेच कॉपी करून इथे चिकटवाल का? आणि फोनवरून टाइप केलेलंही वेगळ्या ओळीत.

---

सुमन_इंदूर | बुधवार, संध्याकाळी ५:४०

हे घ्या. पहिलं जुन्या कॉम्प्युटरवरचं, दुसरं फोनवरचं. मला तर दोन्ही सारखीच दिसतायत.

गोर्‍हे
गोऱ्हे

---

मनवा | बुधवार, संध्याकाळी ६:०२

सापडलं!!

काकू, डोळ्यांना सारखी दिसतात पण आत वेगळी आहेत. कन्सोलमध्ये लांबी मोजली. फोनवरचं सहा कोडपॉइंटचं (युनिकोडमधल्या एकेका चिन्हाचं) आहे: ग, ओकार, नुक्त्याचा ऱ, हलन्त, ह, एकार. जुन्या कॉम्प्युटरवरचं सात: ग, ओकार, साधा र, हलन्त, मग एक झीरो विड्थ जॉइनर, मग ह, एकार. तो जॉइनर स्क्रीनवर दिसत नाही. नेहमीच्या र चा रफार होऊ नये आणि अर्धा ऱ यावा म्हणून काही कीबोर्ड तो मध्ये घालतात. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही पद्धती चालतात.

आता लाराव्हेलचा 'अल्फा' नियम अक्षरं आणि मात्रा यांनाच परवानगी देतो. जॉइनर या दोन्हींत बसत नाही, त्याचा वर्ग 'फॉरमॅट'चा. म्हणून नियम म्हणतो की फक्त अक्षरं भरा. मशीनच्या हिशोबाने खरं, माणसाच्या हिशोबाने निव्वळ अन्याय.

---

टिंबटिंब | बुधवार, संध्याकाळी ६:०८

वा! म्हणजे कुऱ्हाडे, तऱ्हाळकर, बऱ्हाणपूरकर सगळेच अडकत असणार.

---

डीबीवाले_काका | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मनवा, शाब्बास पोरी. फार नेमकं शोधलंस.

यात डेटाबेसची बाजू राहते ती सांगतो. नुसता नियम ढिला करून जॉइनर आत घेतला तर एकाच घरातले दोन गोऱ्हे दोन वेगळ्या तऱ्हेने साठवले जातील, मग शोधताना एक सापडेल दुसरा नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडचं एकसारखं रूप करणं) केलं म्हणून तो जॉइनर जात नाही, तो तसाच राहतो. तेव्हा साठवायच्या आधी 'र, हलन्त, जॉइनर' दिसला की त्याचा 'ऱ, हलन्त' करून घ्यायचा. एवढं एका ठिकाणी केलं की झालं.

आणि हा नियम तरी काहीतरी बोलला याचं मला समाधान वाटतं. पूर्वी मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग) नसताना लॅटिन-वन, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या, टेबलात मराठी नाव घातलं की एरर न देता चक्क प्रश्नचिन्हं साठवून मोकळं व्हायचं. इन्सर्ट यशस्वी. वॉर्निंग यायची, ती कुणीच वाचत नसे. आणि महिन्यांनी यादी छापायला काढली की पानभर नुसती प्रश्नचिन्हं, मूळ नाव कायमचं गेलेलं. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो आणि मग 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' असा खणखणीत एरर येतो, त्यात अडलेल्या बाइटसुद्धा छापतात. ई-झीरो, ए-फोर असं दिसलं की समजायचं देवनागरी आहे. एरर आला की लोक नाराज होतात, पण गप्प राहून डेटा खाणारं सॉफ्टवेअर त्याहून कितीतरी वाईट.

---

भंवरकुआँ_एक्सप्रेस (इंदूर) | बुधवार, रात्री ९:१५

मी थर्ड इयरला आहे. एक प्रामाणिक प्रश्न, वर जे सगळं चाललंय त्यात माझ्यासारख्या नवशिक्याने हातभार लावायचा कसा? ओपन सोर्समध्ये काहीतरी करावं असं फार वाटतं पण मोठ्या प्रोजेक्टचा कोड उघडला की सुरुवात कुठून करावी कळत नाही.

बाकी एरर मेसेजमुळे शिकणं किती सोपं होतं त्याचा अनुभव मला पायथनमध्ये आला. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर कंस बंद करायचा राहिला तर नुसतं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' यायचं आणि बोट भलत्याच, म्हणजे पुढच्या ओळीवर. घरी ३.१० टाकलं तर तोच कोड म्हणतो की हा कंस बंदच केलेला नाही आणि जिथे उघडला तिथे बाण. ३.११ मध्ये तर ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली खुणा येतात. भाषा तीच, मी तोच, पण लॅबमध्ये भीती वाटायची आणि घरी वाटत नाही.

---

बडोद्याची_मुक्ता (वडोदरा) | बुधवार, रात्री १०:०५

@भंवरकुआँ_एक्सप्रेस, तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच धाग्यात आहे. एरर मेसेज सुधारणं हे ओपन सोर्समध्ये शिरायचं सगळ्यात चांगलं दार आहे. पूर्ण आर्किटेक्चर कळायला लागत नाही, एक मेसेज धरायचा, तो कोडमध्ये कुठून निघतो ते शोधायचं आणि तिथे कुठली जास्तीची माहिती हाताशी आहे ते बघायचं.

रस्ट भाषेत तर गोंधळात टाकणारा मेसेज हाच बग मानतात, डायग्नोस्टिक्सचं वेगळं लेबल आहे. कोड बरोबर चालत असला तरी मेसेज कळला नाही म्हणून इश्यू टाकता येतो आणि तो गंभीरपणे घेतात. आधी एल्म भाषेच्या कंपायलरने (कोड तपासून चालता करणाऱ्या प्रोग्रॅमने) २०१५ च्या सुमारास हे मनावर घेतलं, माणसाशी बोलावं तसे मेसेज लिहिले, आणि २०१६ मध्ये रस्टने आपल्या एररचं रूप बदललं त्यात एल्मचा वाटा मोठा. आता रस्टच्या कंपायलरला, रस्टसी ला, 'एक्स्प्लेन' म्हणून कोड दिला की उदाहरणासकट अख्खं टिपण वाचायला मिळतं.

रामबागकर, तुमच्या रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) आजच असं लेबल करा. 'मेसेज कळत नाही' म्हणून.

---

ऋतुगंध (पुणे) | गुरुवार, सकाळी ८:३०

मराठी मेसेजचा प्रश्न सगळे टाळतायत. माझा स्पष्ट विरोध आहे. मेसेज मराठी केला की गूगलवर शोधून काही सापडत नाही. ज्याला दुरुस्त करायचंय त्याला इंग्रजीच लागतं.

---

सुमन_इंदूर | गुरुवार, सकाळी ११:००

ऋतुगंध, मला दुरुस्त करायचंच नाहीये हो. मला समोरच्या माणसाला सांगायचंय की तुमचं नाव नोंदलं गेलं की नाही. ते मराठीत नको तर कशात? आमच्याकडे काही मदतनीस मुली फक्त हिंदी वाचतात, त्यांच्यासाठी हिंदीही असलं तर उत्तम.

---

बडोद्याची_मुक्ता | गुरुवार, सकाळी ११:२५

काकूंना +१. इथे वाचणारे दोन आहेत. काकू मराठीत वाचणार, दुरुस्त करणारा इंग्रजीत शोधणार, आणि दोघांना जोडायला मध्ये न बदलणारा कोड. पोस्टग्रेसबद्दल काकांनी हेच सांगितलं. कमांड लाइनवर तर नेहमीचीच युक्ती आहे, कमांडच्या आधी एलसी ऑल (भाषेची सेटिंग) ला सी देऊन चालवली की तोच मेसेज मूळ इंग्रजीत मिळतो आणि शोधता येतो.

---

ऋतुगंध | गुरुवार, दुपारी १२:१०

कोड सोबत असेल तर माझी हरकत नाही. कोडशिवाय भाषांतर मात्र नको.

---

टिंबटिंब | गुरुवार, दुपारी १२:४०

अवांतर: ही चर्चा रविवारी सकाळी छप्पन दुकानला पोह्यांवर बसून करायची का? इंदूरकर निम्मे आहेतच.

---

डीबीवाले_काका | गुरुवार, दुपारी १२:५५

आठ वाजता. जीरावण भरपूर असेल तरच येतो.

---

ग्वाल्हेरी_गडी | गुरुवार, दुपारी २:१५

मला गाडी पकडून यावं लागेल, तुम्ही पोहे खा, मी मुद्द्यावर राहतो.

आपोआप एरर पाठवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. सेंट्रीसारखी साधनं आहेत, सुरुवात २००८ मध्ये जँगोचं छोटं ॲप म्हणून झाली होती, आता लायसन्स पूर्ण ओपन सोर्स राहिलेलं नाही. पूर्ण ओपन सोर्सच हवं असेल तर ग्लिचटिप आहे, सेंट्रीच्याच एसडीके (जोडणीचे तयार भाग) चालतात. साधन कुठलंही घ्या, आधी हे बघा की त्या एररच्या पोटात काय काय जातंय. लाराव्हेलमध्ये क्वेरी फसली की एक्सेप्शनच्या (कोडमध्ये उठणाऱ्या एररच्या) मेसेजमध्ये क्वेरी किमतींसकट येते. म्हणजे गोऱ्ह्यांचं नाव, फोन, पत्ता, सगळं त्या एका ओळीत. ते तसंच तुमच्या सर्व्हरवर आलं तर वाचनालयाच्या सभासदांची माहिती त्यांना न विचारता इंदूरभर फिरली. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे चुकीचं.

तेव्हा मुळात बंद ठेवा. ज्याला पाठवायचंय त्याने बटण दाबावं, आणि दाबायच्या आधी काय जाणार आहे ते त्याला पूर्ण वाचायला मिळावं.

---

सुमन_इंदूर | गुरुवार, दुपारी ३:००

हे फार महत्त्वाचं बोललात. सभासद विश्वासाने फोन नंबर देतात.

---

मनवा | गुरुवार, दुपारी ४:४५

गडी, बरोबर. कोड लिहिणाऱ्यांना एक विनंती यात जोडते. एक्सेप्शन पकडून दुसरं एक्सेप्शन फेकता तेव्हा मूळचं सोडून देऊ नका. पीएचपीत ५.३ पासून एक्सेप्शनच्या कन्स्ट्रक्टरला तिसरा आर्ग्युमेंट 'प्रीव्हियस' आहे, जावास्क्रिप्टमध्ये २०२२ च्या आवृत्तीत 'कॉज' आला. 'सभासद जतन करता आला नाही' असं नवीन एक्सेप्शन बनवलं आणि आतलं टाकून दिलं की मग लॉग असूनही उपयोग नाही, खरं कारण तिथे नसतंच. परवाच दुसऱ्या एका पॅकेजमध्ये बघितलं, कॅच ब्लॉक (एरर पकडायची जागा) अख्खा रिकामा.

---

रामबागकर | गुरुवार, रात्री १०:२०

मंडळी, रात्री बसून सगळं पुन्हा वाचलं आणि टीममध्ये बोललो. टेम्प्लेट कडक करायची कल्पना मागे पडली, तो मित्रच म्हणाला की गोऱ्ह्यांचा प्रकार कुठल्याही टेम्प्लेटने पकडला नसता, कारण काकूंना जे दिसत नव्हतं ते त्या रकान्यात लिहिणार कशा?

आता असं ठरतंय. एररची पट्टी माणूस बंद करेपर्यंत राहील आणि फॉर्ममधलं काही पुसलं जाणार नाही. नियमात नाव अडलं तर कुठलं चिन्ह अडलं आणि कितव्या जागी ते सांगू. जॉइनरचं रूपांतर काकांनी सांगितलं तसं साठवायच्या आधी, म्हणजे गोऱ्ह्यांना एररच येणार नाही, पण उद्या कुणी कॉपी-पेस्ट करताना दुसरं काही अदृश्य चिन्ह आणलं तर ते कळेल. डिबग बंद, स्क्रीनवर आठ अक्षरांचा क्रमांक, तोच लॉगमध्ये. आपोआप पाठवणं सध्या नाहीच. कॉपी बटण असेल, त्यात व्हर्जन, ब्राउझर आणि क्रमांक, सभासदाची माहिती काहीही नाही. सर्व्हर बघणाऱ्याने लाराव्हेलची 'अबाउट' कमांड चालवून जोडली तर सोन्याहून पिवळं.

सर्व्हरच अडला तर दाखवायच्या मेसेजचा पहिला खर्डा असा:

'सभासदाची नोंद जतन झाली नाही. तांत्रिक अडचण आहे. कृपया संबंधितांशी संपर्क साधा. क्रमांक: ...'

काढा चुका.

---

सुमन_इंदूर | शुक्रवार, सकाळी ७:३०

संबंधित म्हणजे कोण? आमच्याकडे तर मीच संबंधित. मी असं लिहीन:

'नोंद जतन झाली नाही. तुम्ही भरलेलं सगळं खाली तसंच आहे. दोन मिनिटांनी पुन्हा जतन करून पाहा. तरीही झालं नाही तर हा क्रमांक लिहून घ्या आणि सॉफ्टवेअर बघणाऱ्याला कळवा.'

---

डीबीवाले_काका | शुक्रवार, सकाळी ७:५०

बाईंचा खर्डा एकदम पास. फक्त 'पुन्हा जतन करून पाहा' म्हणताना पहिली नोंद खरंच आत गेलेली नाही याची खात्री हवी, नाहीतर एकाच सभासदाच्या दोन नोंदी होतील. ट्रॅन्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही) घ्या, आणि टाइमआउट झाला असेल, म्हणजे उत्तर वेळेत आलंच नसेल, तर हे वाक्य दाखवू नका, तिथे 'आधी यादीत नाव आलंय का बघा' असं म्हणा.

---

रामबागकर | शुक्रवार, सकाळी ९:०५

टाइमआउटचं लक्षातच आलं नव्हतं कुणाच्या. वेगळा मेसेज, वेगळा कोड. दोन्ही घेतले. मुक्ताने सुचवलेलं लेबलही केलंय आणि त्याखाली सुरुवातीचे इश्यू टाकलेत.

---

भंवरकुआँ_एक्सप्रेस | शुक्रवार, सकाळी ९:३०

अडलेलं चिन्ह दाखवायचा इश्यू मी घेऊ का? नियम कुठे लिहिलाय ते शोधून काढलंय. जागा मोजताना बाइट मोजायचे की कोडपॉइंट?

---

मनवा | शुक्रवार, सकाळी ९:३८

कोडपॉइंट. बाइट मोजलेस तर देवनागरीत प्रत्येकाचे तीन होतात आणि जागा भलतीच येते. एमबी-सबस्ट्रिंग वापर, साधं सबस्ट्रिंग नको. आणि रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकूर तपासायच्या साच्याला) युनिकोडसाठीचा यू लावायला विसरू नकोस. अडलेलं चिन्ह न दिसणारं असेल तर त्याचं नाव लिही, नुसतं चिन्ह छापलंस तर काकूंना परत रिकामी जागाच दिसेल. टेस्टमध्ये गोऱ्हे दोन्ही तऱ्हेने घाल.

---

सुमन_इंदूर | शुक्रवार, सकाळी १०:१५

टेस्टसाठी आणखी नावं देते, आमच्या रजिस्टरात अशी आडनावं आहेत: कुऱ्हेकर, क्षीरसागर, ज्ञानी, दुःखंडे, डॉ. लावलेली दोन, आणि एक 'पाटील-देशमुख', मधल्या रेघेसकट.

---

भंवरकुआँ_एक्सप्रेस | शुक्रवार, सकाळी १०:२२

सगळी घेतो. रेघ आणि टिंब आत्ताच्या नियमात अडतायत, त्याचा वेगळा इश्यू टाकतोय.